गुलाबाला जिवंत पुरतात, ते कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मिनियापोलिसला असतात. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेले, ती दिवाळी करूनच परतले. शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा राहतात. त्यांच्या अंगणातले गुलाब मी रोज खिडकीतून बघायची. तळहाताएवढी फुलं, एकेका झाडाला आठ-दहा. ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी आजोबा फावडं घेऊन आले. प्रत्येक झाडाशेजारी त्यांनी लांबट चर खणला, झाड दोरीनं आवळून बांधलं, आडवं पाडलं आणि वरून माती लोटली. दोन झाडांवर तर कळ्या होत्या! दोन दिवसांत सगळा वाफा सपाट. मला त्यांच्याशी बोलायचा धीर झाला नाही. जावई म्हणाले, "आई, इथे असंच करतात." पण माझ्या जिवाला ते लागून राहिलं आहे. जमिनीत पुरलेलं झाड वाचतं कसं? आणि मुलीला यंदा गुलाब लावायचे आहेत. तिनंही असाच खटाटोप करायचा का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जावईबापू खरं सांगतात. ही पद्धत खास तिथलीच आहे आणि तिला 'मिनेसोटा टिप' असंच म्हणतात. मिनियापोलिसजवळच ब्लूमिंग्टन आहे. तिथल्या अल्बर्ट नेल्सन नावाच्या गुलाबवेड्या गृहस्थांनी १९५० च्या दशकात ती बसवली आणि पाहता पाहता त्या भागातल्या हौशी बागवानांनी ती उचलली. त्या कळ्यांसाठी हळहळू नका. त्या उमलणारच नव्हत्या. तिथे ऑक्टोबर निम्मा सरला की रात्री पारा शून्याखाली जाऊ लागतो, दिवस झपाट्यानं आखडतो आणि उघड्यावरची कळी आठवडा-दोन आठवड्यांत काळी पडून लोंबते.

आता मुख्य मुद्दा. झाड झाकतात ते त्याला ऊब मिळावी म्हणून, असं आपल्याला वाटतं. तसं ते नाही. आपण गोधडी पांघरतो तेव्हा गोधडी स्वतः ऊब देत नसते, आपल्याच अंगाची ऊब ती अडवून धरते. गुलाबाला अंगची ऊबच नाही. उघड्यावर उभ्या असलेल्या झाडाला कितीही जाड गोणपाट गुंडाळलं, तरी उणे तीस अंशांच्या रात्री काही तासांत आतली फांदीही बाहेरच्या हवेइतकीच थंड होते. ऊब आहे ती जमिनीच्या पोटात. उन्हाळाभर साठलेली ती उष्णता हिवाळ्यात हळूहळू वर येते. झाड आडवं केलं की त्याच्या फांद्या या जमिनीच्या आसऱ्याला येतात. वर पाचोळा आणि त्याच्यावर बर्फ पडला की खालून आलेली उष्णता लगेच निसटत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते, त्यामुळे पाचोळ्याइतकंच, किंबहुना जास्तच, पांघरूण तो आयतं आणि फुकट देतो. तिथल्या बागवानांना धास्ती असते ती बर्फाशिवाय आलेल्या कडक थंडीची.

म्हणून पुरलेलं झाड गोठत नाही असं समजू नका. मिनेसोटाच्या दक्षिण भागात घराचा पाया निदान बेचाळीस इंच, म्हणजे साडेतीन फूट खोल घ्यावा असा बांधकामाचा नियमच आहे, कारण तिथवर जमीन गोठू शकते. आजोबांचे गुलाब तर वीतभर खोलच आहेत. ते गोठतातच. पण वर हवेत उणे पंचवीस-तीस असताना पाचोळ्याखाली तापमान शून्याच्या थोडंसंच खाली राहतं, आणि मुख्य म्हणजे ते तसंच राहतं. आजोबांना झाड गरम ठेवायचं नाही, थंडच ठेवायचं आहे. फक्त एकाच पातळीवर, डिसेंबरपासून मार्चपर्यंत, चढउतार न होऊ देता.

चढउताराची एवढी भीती का, ते पेशीच्या पातळीवर पाहिलं की कळतं. थंडी पडते तेव्हा बर्फ आधी पेशींच्या आत होत नाही, पेशींमधल्या मोकळ्या जागेत होतो. तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी सुकत जाते. तयारीत असलेली पेशी हे सुकणं सोसते. तिनं आधीच साखर साठवलेली असते, भोवतालचं पटलही थंडीत चिवट राहील असं बदललेलं असतं. तयारी नसेल किंवा पारा एकदम कोसळला, तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात आणि ती फुटून मरते. ही तयारी एका रात्रीत होत नाही. दिवस लहान होऊ लागले की ती सुरू होते, पहिल्या हलक्या हिवानं पुढे सरकते आणि पुरी व्हायला कित्येक आठवडे घेते. उलट ती मोडायला मात्र फार वेळ लागत नाही. फेब्रुवारीत चार दिवस लख्ख ऊन पडलं, फांदी दुपारी तापली, की झाडाला वसंताचा भास होतो आणि ते कवच उतरवू लागतं. पाचव्या रात्री पुन्हा उणे वीस. गुलाब बहुधा मरतो तो अशा रात्री, जानेवारीतल्या सर्वांत थंड रात्री नव्हे. त्यात आणखी एक दुखणं असतं. जमीन गोठलेली असल्यानं मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि वर ऊन-वारा फांदीतलं पाणी काढून घेत असतो. फांदी तहानेनं वाळते आणि आपण म्हणतो थंडीनं गेली.

हे ध्यानात आलं की आजोबांची बाकीची कामं आपोआप उलगडतात. तुम्ही पाहिलंत ते शेवटचं काम, सुरुवात त्यांनी ऑगस्टमध्येच केली असणार. ऑगस्टनंतर तिथे गुलाबाला नत्र देत नाहीत, कारण नत्रानं कोवळे फुटवे येतात आणि कोवळा फुटवा थंडीत पहिला जातो. सप्टेंबरच्या मध्यापासून सुकलेली फुलं खुडणंही थांबवतात. फूल खुडलं की झाड नव्या कळीच्या मागे लागतं. तेच फूल झाडावर राहू दिलं तर त्याचं फळ धरतं आणि झाडाचं लक्ष वाढीवरून विश्रांतीकडे वळतं. पाणी मात्र तोडत नाहीत. सुकलेलं झाड थंडीला अधिक लवकर बळी पडतं.

मग ऑक्टोबरमध्ये आडवं पाडण्याचं काम. आदल्या दिवशी माती भिजवून मऊ करतात. फांद्या जवळ घेऊन नायलॉनच्या दोरीनं बांधतात. सुताची दोरी मातीत कुजते आणि एप्रिलमध्ये मोळी सुटून काटेच काटे हाताला येतात. झाडाच्या उंचीएवढा लांब चर एका बाजूला खणतात. नंतर चराच्या विरुद्ध बाजूनं मुळांभोवतीची माती दात्यांच्या फोर्कनं ढिली करतात आणि झाड हळूच चराकडे कलतं करतात. सगळं कसब इथे आहे. वाकवायच्या त्या फांद्या नव्हेत. फांदी बुडाशी मोडली की खेळ खलास. वाकायचं ते जमिनीखाली, मुळांच्या पातळीवर. म्हणूनच एका बाजूची काही मुळं सुटतात, तुटतातही. त्याला इलाज नाही आणि गुलाब ते सोसतो. वर दोन-तीन इंच माती ओढतात, वसंतात नेमकं कुठे खणायचं ते कळावं म्हणून काठी रोवतात. पुढे जमीन गोठायला लागली की दीडएक फूट पाचोळा रचतात. ओकची पानं सर्वांत बरी, कारण ती ताठ असतात आणि मध्ये हवा धरून ठेवतात. मेपलची पानं भिजली की एकमेकांना चिकटून त्यांचा थर बसतो. शरदात तिथे घरोघर पानांच्या पिशव्या भरून रस्त्याकडेला ठेवतात. गुलाबवाले त्या गोळा करत हिंडतात आणि काही जण तर पिशव्या न फोडता तशाच वाफ्यावर मांडतात.

पाचोळ्यात उंदरांची मौज होते. बर्फाखाली बिनधास्त बसून ते फांद्यांची साल कुरतडतात, म्हणून त्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. जे गुलाब उभेच ठेवतात त्यांच्यावर सशांची धाड येते. तारेची जाळी लावली नाही तर बर्फाच्या पातळीवरचं सगळं खाऊन साफ.

एप्रिलच्या सुरुवातीला पाचोळा थोडा थोडा काढतात, महिन्याच्या मध्यावर झाड उभं करतात आणि पाण्याच्या धारेनं माती धुऊन काढतात. घाई करायची नाही. एप्रिलमध्येही तिथे हिव पडतं. मग छाटणी. तिची खूण साधी आहे : फांदी कापल्यावर आतला गाभा पांढरा दिसला तर जिवंत, तपकिरी दिसला तर आणखी खाली कापत जायचं. उत्तर अमेरिकेतल्या बागवानांचा जुना ठोकताळा असा, की फोर्सिथियाच्या झुडपावर पिवळा बहर आला की गुलाबाला कात्री लावावी.

एवढं सगळं त्या झाडाला का लागतं? गुलाब ही जात मुळात नाजूक नाही. लडाखमध्ये 'रोझा वेब्बियाना' हा रानगुलाब खडकांच्या कपारीत वाढतो. त्याला कोण पांघरूण घालतं? कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचं अधिकृत फूल तिथला रानगुलाबच आहे. युरोपातले जुने गॅलिका, आल्बा, दमास्कस गुलाबही बऱ्यापैकी थंडी काढतात. हे बहुतेक सगळे वर्षातून एकदाच बहरतात आणि मग गाढ विश्रांती घेतात. पुढे १७९२ ते १८२४ या काळात चीनचे चार बागाईत गुलाब इंग्लंडला पोचले आणि चित्र पालटलं. त्यांची खासियत अशी, की ते हंगामभर पुन्हा पुन्हा फुलायचे. फुलण्याला लगाम घालणारं त्यांच्यातलं एक जनुक बिघडलेलं असतं, हे आता माहीत झालं आहे. युरोपातल्या बागवानांना या गुणाचं वेड लागलं. जुन्या गुलाबांशी त्यांचा संकर होत होत १८६७ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात ज्याँ-बाप्टिस्ट गिय्यो यांनी 'ला फ्रान्स' हा गुलाब आणला. पहिला हायब्रिड टी गुलाब म्हणून त्याचंच नाव घेतात. आपण फुलवाल्याकडे, लग्नाच्या स्टेजवर आणि पुण्याच्या गुलाब प्रदर्शनात बघतो ते लांब देठाचे, टोकदार कळीचे गुलाब याच घराण्यातले, आणि आजोबांचे तळहाताएवढे गुलाबही बहुधा तेच. चिनी पूर्वजांकडून या घराण्याला सतत फुलण्याचा गुण मिळाला, तसंच उबदार मुलखातलं अंगही मिळालं. साधारण उणे दहा-बारा अंशांपुढे त्यांच्या फांद्यांचं काही खरं नसतं.

त्यात ते बहुधा कलमी असतात. रानटी खुंटावर डोळा भरलेला असतो, आणि डोळा भरल्याची ती गाठ झाडाचा सर्वांत हळवा भाग. ती मेली की आपला गुलाब गेला, खाली खुंट जिवंत असला तरी. म्हणून आपल्याकडे ती गाठ जमिनीच्या वर ठेवा असं सांगतात, तर मिनेसोटात ती चार-सहा इंच मातीखाली जाईल असं झाड लावतात.

आडवं पाडणं हा एकच उपाय आहे असं नाही. जर्मनीत झाडाच्या बुडाशी मातीचा ढीग चढवतात आणि फांद्यांवर फरच्या हिरव्या डहाळ्या टाकतात. तिथल्या जांगरहाउझेन गावात १९०३ मध्ये सुरू झालेलं गुलाब उद्यान जगातला सर्वांत मोठा गुलाबसंग्रह मानलं जातं. पण जर्मनीचा हिवाळा मिनेसोटाच्या मानानं सौम्य आहे. मिनेसोटातही अनेक जण नुसता फूटभर उंच ढीग करतात. त्यात वरच्या फांद्या जातात, ढिगातल्या वाचतात आणि वसंतात तिथून झाड पुन्हा फुटतं. ढिगासाठी माती मात्र दुसरीकडून आणायची. झाडाभोवतीचीच ओरबाडली तर मुळं उघडी पडतात. बाजारात थर्मोकोलच्या टोप्याही मिळतात. माझं त्यांच्याविषयी मत वाईट आहे. उन्हाच्या दिवशी टोपीखालची हवा तापते आणि झाड अवेळी जागं होतं, म्हणजे जे टाळायचं तेच घडवून आणलं जातं. शिवाय टोपी बसावी म्हणून झाड आधीच खुरटं छाटावं लागतं. वापरायचीच असेल तर वरच्या बाजूला भोकं हवीत आणि ती जमीन गोठल्यावरच घालावी, थंडीची चाहूल लागताच नव्हे.

मुलीनं काय करावं? मी तिच्या जागी असतो तर आजोबांच्या वाटेला पहिल्या वर्षी गेलो नसतो. एका झाडाला पाऊण तास आणि कंबरेची परीक्षा, हे ऐंशीच्या घरातल्या माणसाला जमतं ते सवयीनं. दुसरी वाट आहे आणि ती मला जास्त शहाणपणाची वाटते.

ती वाट ओटावातल्या सरकारी प्रायोगिक शेतावर एका बाईंनी तयार केली. फेलिसिटास स्वेय्दा मूळच्या व्हिएन्नाच्या. १९६० च्या दशकात त्यांनी कॅनडाच्या कृषी खात्यासाठी गुलाबाचं काम हाती घेतलं. सतत फुलायचं तर थंडीला कच्चं असावंच लागतं का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. जपान-सायबेरियाच्या किनाऱ्यावरचा काटेरी 'रुगोसा' आणि जर्मनीतल्या कोर्डेस यांनी काढलेला 'कोर्डेसिआय' हे वंश घेऊन त्यांनी संकर केले आणि रोपं उघड्यावर सोडून दिली. पांघरूण नाही. जी जगली तीच पुढे. त्यातून निघालेल्या जातींना कॅनडाशी नातं असलेल्या दर्यावर्दींची आणि मुलूख धुंडाळणाऱ्यांची नावं दिली : 'जॉन कॅबॉट' १९७८ मध्ये आला, 'विल्यम बॅफिन' १९८३ मध्ये. 'विल्यम बॅफिन' हा चढता गुलाब उणे पस्तीसच्या मुलखात कुंपणावर उभाच्या उभा हिवाळा काढतो. हंगामात पुन्हा पुन्हा फुलणं आणि थंडी सोसणं एका झाडात नांदू शकतं, हे या बाईंनी करून दाखवलं. त्याच देशात मॅनिटोबातल्या मॉर्डेन इथे हेन्री मार्शल यांनी 'मॉर्डेन ब्लश'सारखे बुटके गुलाब काढले.

मिनेसोटाच्या दक्षिणेला लागून आयोवा. तिथल्या विद्यापीठात ग्रिफिथ बक यांचंही असंच चाललं होतं. शाळकरी वयात त्यांची एका स्पॅनिश मुलीशी पत्रमैत्री जुळली. तिचे काका म्हणजे प्रसिद्ध गुलाबसंकरक पेद्रो दोत. त्या पत्रांतूनच बक यांना गुलाबाचा नाद लागला. त्यांचा खाक्या असा, की रोप लावायचं, फवारायचं नाही, झाकायचं नाही. त्यांचा 'केअरफ्री ब्यूटी' १९७७ चा. २००० मध्ये बाजारात आलेल्या आणि आता अमेरिकेत जिथे तिथे दिसणाऱ्या 'नॉक आउट' गुलाबात त्याचं रक्त आहे.

या गुलाबांत हायब्रिड टीची ती ताठ, एकुलती कळी मिळत नाही. फुलं झुपक्यानं येतात, लहान असतात, वासही काहींनाच असतो. तुमचे डोळे आजोबांच्या फुलांवर ठरले आहेत, तेव्हा तुम्हाला ही कदाचित सामान्य वाटतील. तरी मुलीला सांगा, कलमी नव्हे तर स्वतःच्या मुळावरची रोपं घे. वरचं सगळं जळालं तरी खालून तोच गुलाब फुटतो. अशी दोन-तीन रोपं लावून सुरुवात कर आणि एखादाच हायब्रिड टी हौसेखातर, गाठ खोल पुरून. रस्त्यावरचा बर्फ उपसून वाफ्यावर टाकू नको, त्यात मीठ असतं. अंगणातला स्वच्छ बर्फ खुशाल लोट. मिनियापोलिसमध्येच लिंडेल पार्कचं सार्वजनिक गुलाब उद्यान आहे, १९०८ च्या सुमाराला थिओडोर वर्थ यांनी उभं केलेलं. जून-जुलैत तिथे जाऊन कुठली जात तिथल्या हवेत कशी दिसते ते पाहून मग निवड करता येईल. आणि ऑक्टोबरमध्ये आजोबांच्या मदतीला जाऊ दे तिला. एका सकाळीत जे शिकेल ते मला इथे लिहून सांगता येणार नाही.

प्रश्न : आम्ही शिकागोत फ्लॅटमध्ये राहतो. गॅलरीत दोन कुंड्यांत गुलाब आहेत. हिवाळ्यात घरात आणले तर चालेल ना?
– एक वाचक, शिकागो

उत्तर : दिवाणखान्यात आणू नका. हीटरची कोरडी हवा, काचेतून येणारं अपुरं ऊन आणि विश्रांती नाही म्हणून झाड लांबुळक्या फिक्या फांद्या काढत राहतं, त्यावर लाल कोळी पडतो आणि मार्चपर्यंत ते मरगळतं. पण गॅलरीतही ठेवू नका. फांद्यांपेक्षा मुळं थंडीला कच्ची असतात. जमिनीत त्यांना सगळ्या पृथ्वीचा आधार असतो, कुंडीत चारही बाजूंनी वारा. तिथे उणे वीस म्हणजे मुळांनाही जवळपास उणे वीसच.

पानं झडून झाड शांत झालं, एक-दोनदा हिव खाऊन झालं, की कुंड्या इमारतीच्या बिनहीटरच्या गॅरेजमध्ये किंवा तळघराच्या थंड कोपऱ्यात न्या. तापमान शून्याच्या आसपास, चार-पाच अंश इकडेतिकडे असलेली जागा उत्तम. उजेड लागत नाही, पानंच नाहीत तर उजेड करायचा काय? महिन्यातून एकदा कुंडीतली माती बोटानं चाचपून कोरडी वाटली तर थोडं पाणी द्या. लोक बहुतेक इथेच विसरतात आणि मग थंडीला दोष देतात. मातीची कुंडी गोठून तडकते, तेव्हा प्लास्टिकची बरी. एप्रिलमध्ये बाहेर काढताना आधी सावलीत, मग उन्हात. कोणाच्या अंगणात जागा मिळाली तर कुंडीच जमिनीत काठापर्यंत पुरून वर पाचोळा टाकणं, हाही चांगला उपाय आहे.

प्रश्न : आमच्या अंगणातला पिवळा गुलाब यंदा एकदम गडद लाल फुलला, तोही एकदाच, मे-जूनमध्ये. असं कसं झालं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमचा पिवळा गुलाब हिवाळ्यात गेला. आता फुलतो आहे तो त्याचा खुंट. अमेरिकेत कलमांसाठी 'डॉ. ह्युई' हा गुलाब खुंट म्हणून फार वापरतात. तो स्वतः एकदाच फुलतो आणि गडद किरमिजी फुलतो. वरचा डोळा मेला की खालचा बिनबोभाट घर ताब्यात घेतो. गंमत म्हणजे तो खुंटासाठी काढलाच नव्हता. कॅप्टन जॉर्ज थॉमस यांनी तो १९१४ मध्ये बागेसाठी तयार केला आणि आपल्याला गुलाबाची गोडी लावणाऱ्या फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट ह्युई या दंतवैद्यांचं नाव त्याला दिलं. हेच थॉमस पुढे गोल्फची मैदानं आखण्यासाठी नावाजले.

गाठीच्या वर एखादी तरी पिवळ्याची फांदी जिवंत आहे का ते पाहा. असेल तर खुंटाची फूट माती उकरून मुळापाशी जिथून निघते तिथून ओढून उपटा. कात्रीनं कापली तर त्याच जागी चार फुटतात. पिवळ्याचं काहीच उरलं नसेल तर झाड काढून टाका, किंवा लाल आवडत असेल तर राहू द्या. वाईट गुलाब नाही तो. नवं कलम लावाल तेव्हा गाठ मातीखाली दोनेक इंच असू द्या. नोव्हेंबरअखेर बुडाशी खत-मातीचा ढीग चढवला तर तुमच्या भागात तेवढं पुरेसं होतं.

प्रश्न : निफाडला दर हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात. आमच्या अंगणातल्या गुलाबांना झाकायची गरज आहे का?
– एक वाचक, निफाड, जि. नाशिक

उत्तर : अजिबात नाही. द्राक्षाची गोष्ट वेगळी. त्याच्या घडात पाणी भरत असतं, थंडीनं वाढ खुंटते, साखर उतरायला उशीर होतो, मणी तडकतात आणि वर्षाचं उत्पन्न पणाला लागतं. गुलाबाला पाच-सहा अंश म्हणजे सुखाची थंडी. वाढ मंदावते, कळी सावकाश उमलते आणि म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत फूल मोठं, भरगच्च आणि गडद रंगाचं येतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठतं, तेवढ्यानंही तिथले गुलाब मरत नाहीत.

आपल्याकडे तर हिशेबच उलटा. ज्या ऑक्टोबरात मिनेसोटात गुलाब पुरतात, त्याच ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर आपण छाटणी करतो, जुने बागवान मुळांवरची माती चार-सहा दिवस बाजूला करून झाडाला ताण देतात, मग शेणखत भरून पाणी सोडतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं घेतात. आपल्या झाडाला थंडी विश्रांती देत नाही, म्हणून ती हातानं द्यावी लागते.

झाकलंत तर उलट नुकसान. प्लास्टिकखाली रात्रीची ओल कोंडते आणि भुरीला हवं तेच मिळतं. निफाडच्या हिवाळ्यात गुलाबाचा खरा शत्रू भुरी : कोवळ्या पानांवर पांढरी पूड, पानं वाकडी, कळ्या आखडलेल्या. गारठ्याच्या दमट रात्री आणि कोरडे दिवस तिला मानवतात. झाडांत हवा खेळेल इतकं अंतर ठेवा, मधल्या दाट फांद्या काढा, पाणी सकाळी द्या. पहिली पूड दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात सकाळच्या वेळी फवारा आणि दहा दिवसांनी पुन्हा एकदा. फेब्रुवारीअखेर ऊन चढायला लागलं की गंधक बंद करा, पानं करपतात.